नावडत्या माशांचा पहिला तास

कोकणच्या किनाऱ्यावर खडकावर उभं राहून गरवणाऱ्याच्या मनात जे मासे असतात आणि त्याच्या गरीला प्रत्यक्षात जे लागतात, त्यांत बरंच अंतर असतं. मनात रावस असतो, तांबोशी असते, खाडीच्या तोंडाशी जिताडा असतो. लागतो मात्र शिंगाळा, टोळ, एखादी लहान मुशी; होडीतून ओढगळ टाकणाऱ्याला कुपा. झुंज द्यायला यांतलं कुणीच कमी नाही. कुपा तर दोरी अशी ताणतो की त्याच वजनाची सुरमई त्यापुढे मवाळ वाटावी. पण मासा हाती आल्यावरचा आनंद घराच्या वाटेवर ओसरतो, कारण याचं करायचं काय, हे ठाऊक नसतं. मग तो शेजारी जातो, मांजरांपुढे पडतो, नाहीतर उद्याचं आमिष होतो. गरीचे मासे साफ करणं आणि रांधणं या कामात वर्षं गेल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: या माशांना चिकटलेलं वाईट नाव त्यांच्या मांसाचं नाही. पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या तासात त्यांना जी वागणूक मिळते, तिचं ते नाव आहे. हे मत मी सरसकट सगळ्या माशांना लावत नाही. ते कुठे थांबतं, तेही पुढे येईलच.

आधी भावाचा प्रश्न घेऊ, कारण चवीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. सुरमई आणि कुपा हे एकाच कुळातले मासे. बांगडाही त्याच घरचा. तरी सुरमई होडीत आली की तिला आधी बर्फ मिळतो. तिला कुणी उन्हात टाकत नाही, तिच्यावर पाय देत नाही. कुप्याला बर्फ उरला तर मिळतो. सुरमईच्या एका तुकडीचे जे पैसे येतात त्यात बर्फाचा खर्च सहज निघतो, कुप्याच्या भावात तो जड जातो. बर्फ नाही म्हणून मांस बिघडतं, मांस बिघडलं म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, गिऱ्हाईक नाही म्हणून भाव पडतो, आणि भाव पडला म्हणून पुढच्या खेपेलाही बर्फ मिळत नाही. या फेऱ्यात होडीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे. पण गरवणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. त्याच्यासमोर टनभर मासळी नसते, एक मासा असतो, फार तर दोन किंवा तीन. त्याला डिझेलचा खर्च भागवायचा नसतो. हा फेरा मोडणं कुणाला परवडत असेल तर ते त्यालाच.

कुप्याचं शरीर समजून घेतलं की बाकीचे मासेही समजायला सोपे जातात, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. बहुतेक माशांचं रक्त पाण्याइतकंच थंड असतं. कुपा आणि त्याचे ट्यूना भाऊबंद याला अपवाद आहेत. त्यांच्या शरीरात आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना लागून अशा गुंफलेल्या असतात, की स्नायूंची ऊब कल्ल्यांपर्यंत जाऊन वाया जात नाही, आतच परत फिरते. शिवाय कुप्याला पोहण्याची पिशवी नसते; थांबला तर तो बुडतो, आणि तोंड उघडं ठेवून पुढे गेल्याशिवाय त्याच्या कल्ल्यांना पुरेसं पाणी मिळत नाही. जन्मभर न थांबणाऱ्या या प्राण्याच्या मांसात रक्त भरपूर, प्राणवायू धरून ठेवणारा लाल रंग भरपूर आणि उष्णताही भरपूर असते. तो गरीला लागला आणि वीस मिनिटं झगडला की स्नायूंतली साठवलेली ताकद संपते, आम्ल वाढतं, अंग आणखी तापतं. अशा माशाचं मांस फिकट, पाणचट आणि कडेला शिजल्यासारखं होतं. जपानी मासेवाल्यांकडे या दोषाला ‘याके’ असं वेगळं नावच आहे. त्याचा अर्थ भाजलेलं. तेव्हा बारीक दोरीवर मोठा मासा तासभर खेळवण्यात जो पराक्रम मानला जातो, त्याची किंमत मांस भरतं. मासा खायचा असेल तर दोरी जाड घ्यावी आणि त्याला लवकर वर घ्यावं.

वर आल्यावरची कामं तीन, आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. डोळ्यांच्या वर, जरा मागे, दांडक्याचा एक नेमका फटका देऊन मासा ठार करायचा. तो होडीच्या फळ्यांवर आपटत राहिला तर मांसाला मुका मार बसतो, आणि उरलीसुरली ताकदही त्या तडफडीत जाते. लगेच कल्ल्यांच्या कमानी कापायच्या. कुप्याच्या बाबतीत छातीच्या पराच्या मागे, कातडीखालीच मोठी रक्तवाहिनी असते, तिथेही दोन्ही बाजूंना एकेक काप द्यायचा आणि डोकं खाली करून रक्त वाहू द्यायचं. मग बर्फ. इथे बहुतेकांची चूक होते. ते माशावर बर्फाचे खडे ठेवतात. खडा जिथे टेकतो तिथे गार होतं, बाकी अंग हवेत राहतं. बादलीत बर्फ फोडून घ्यावा, त्यात बर्फाचा लगदा होईल इतपत समुद्राचं पाणी ओतावं आणि मासा त्यात बुडवावा. खाऱ्या पाण्यामुळे हा लगदा शून्य अंशाच्याही थोडा खाली जातो आणि माशाला सगळीकडून कवेत घेतो. आपल्या समुद्राचं पाणी वर्षाचा बराच काळ अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास असतं, म्हणून जितकं माशाचं वजन तितका बर्फ हा हिशेब मला कधीच जास्तीचा वाटलेला नाही. मासळी दहा अंशांवर ठेवली तर शून्य अंशाच्या मानाने साधारण चौपट वेगाने उतरते. आपल्याकडची दुपार तर दहा अंशांच्या कितीतरी वर असते.

‘मालवणी मसाल्यात सगळं झाकलं जातं, मग एवढा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप नेहमीचा आहे. त्याला चवीच्या अंगाने उत्तर देण्याआधी प्रकृतीच्या अंगाने द्यायला हवं. कुप्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य पुष्कळ असतं. बांगड्यात आणि सुरमईतही असतं. मासा उबेत राहिला की काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात, आणि माणूस समजतो की आपल्याला कुपा बाधतो, आपल्याला त्याची ॲलर्जी आहे. पुष्कळदा त्याला मासा बाधलेला नसतो, त्या माशाची बर्फाविना गेलेली दुपार बाधलेली असते. असा मासा दिसायला आणि वासाला चांगलाही असू शकतो, म्हणून नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. मसाला हे झाकतो हे खरं, आणि म्हणूनच या ठिकाणी तो धोक्याचा आहे. बर्फात आलेल्या कुप्यावरचा मसाला चवीचं काम करतो. उन्हात राहिलेल्या कुप्यावरचा मसाला खाणाऱ्याला सावध होण्याची शेवटची संधी हिरावून घेतो.

दोष माशाचा नाही, याचा पुरावा हवा असेल तर लक्षद्वीपकडे पाहावं. मिनिकॉयच्या लोकांचं सगळं जगणं कुप्याच्या सख्ख्या चुलतभावावर, पट्टेवाल्या ट्यूनावर उभं आहे. ते जिवंत आमिष पाण्यात फेकतात आणि काठीने एकेक मासा होडीत घेतात. म्हणजे जाळ्यात गुदमरून, दबून मेलेला मासा तिथे नसतो. तो त्याच दिवशी शिजतो, उरलेला उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत उन्हात वाळवतात. या वाळवलेल्या माशाचा भुगा तिथल्या रोजच्या जेवणात असतो. जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी ज्या वाळवलेल्या माशाच्या सालींवर होतं, तोही हाच मासा. केरळात ‘चूरा’ आवडीने खातात. आपल्याकडे मात्र त्याला कमी प्रतीचा म्हणतात. अरबी समुद्र तोच आहे. फरक किनाऱ्यावर येण्याआधीच्या वागणुकीत आहे, आणि थोडा रांधण्यातही. कुप्याच्या दोन्ही अंगांना, कण्याला लागून, जवळजवळ काळ्या मांसाची पट्टी असते. लोखंडी, कडवट चव येते ती तिथून. चार तुकड्या सोलून ती पट्टी काढली तर उरलेलं मांस बघून पुष्कळांना हा कुपा आहे हे पटत नाही. ती पट्टीही टाकायची गरज नाही. मीठ-हळद लावून, खरपूस तळून, सुक्या मिरचीबरोबर ठेचली तर पेजेला जोड होते. बाकी मांसाला चरबी कमी, त्यामुळे ते जास्त शिजवलं की दोऱ्यासारखं कोरडं होतं. सोलं, तिरफळं, ओलं खोबरं यांचं वाटण आधी पूर्ण उकळून घ्यावं आणि तुकड्या शेवटी सोडाव्यात. पाच-सात मिनिटांत आच बंद. बांगड्याच्या तिकल्याची सवय असलेला हात इथे नेहमी जास्त वेळ घेतो.

मुशीची तक्रार वेगळी आहे. तिला वास मारतो आणि तो वास कशाचा हे सांगायला लोक लाजत नाहीत. तक्रार खरी आहे, आणि कारणही तेच आहे जे लोकांना वाटतं. हाडं असलेल्या माशांच्या शरीरातलं पाणी खाऱ्या समुद्रात शोषलं जातं, त्याची भरपाई म्हणून ते समुद्राचं पाणी पीत राहतात आणि मीठ बाहेर टाकतात. मुशी, वागळी आणि कूर्चेचे इतर मासे दुसरा मार्ग धरतात: रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवतात, मांसाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. जिवंतपणी या युरियाला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि मग तो वास येतो. म्हणजे वास मुशीचा नाही, विलंबाचा आहे. रक्तात युरिया असल्यामुळे रक्त काढणं इथे कुप्यापेक्षाही मोलाचं. डोकं आणि आतडी जागच्या जागी काढावीत, शेपटी कापावी आणि मुशी बर्फात घालावी. घरी आल्यावर कढत पाणी ओतून वाळूकागदासारखी कातडी खरवडून घ्यावी, तुकडे मिठाच्या पाण्यात तासभर ठेवावेत, एकदा पाणी बदलावं. आपल्या बायकांनी यापुढचं काम पिढ्यांपूर्वीच नेमकं ओळखलं होतं. गोव्यात मुशीचं, म्हणजे मोरीचं, आंबट-तीखच करतात, सिंधुदुर्गात मोरीच्या मटणाला आंबट लागतंच. अमोनिया हा अल्कधर्मी असतो. सोलांच्या किंवा चिंचेच्या आम्लाशी त्याची गाठ पडली की त्याचं असं क्षारात रूपांतर होतं जे हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत येत नाही. तळलेल्या मासळीवर लिंबू पिळण्यामागेही हेच आहे. लिंबू ताज्या मासळीला नटवतं, शिळ्या मासळीला ताजी करत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

मुशीच्या बाबतीत मला माझ्याच युक्तिवादाला बांध घालावासा वाटतो. ती चांगली लागते, हे सांगणं एक आणि ती जास्त खा, हे सांगणं दुसरं. मुशी म्हणजे शार्कच, आणि शार्क उशिरा वयात येतात, पिल्लं थोडी देतात. मागणी वाढली तर त्यांची भरपाई होत नाही. 2001 मध्ये व्हेल शार्क आणि करवत मासा यांच्यासह काही कूर्चामत्स्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण मिळालं आणि 2022 च्या दुरुस्तीने ही यादी बरीच रुंदावली. गरीला काय लागलं हे ओळखता येत नसेल तर दोरी कापून सोडणं हाच शहाणपणा. दुसरी गोष्ट पाऱ्याची. मोठे मासे लहान मासे खातात, लहान मासे त्याहून लहान, आणि प्रत्येक पायरीवर पारा साठत वर चढतो. मिथिल रूपातला हा पारा मांसातच बसतो, रक्त काढून वा भिजवून जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी टाळायच्या माशांत शार्क घातला आहे. आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खाऊ घालण्याची रीत आहे. रीतीमागचं प्रेम मी जाणतो, पण मोठ्या शार्कच्या बाबतीत या रीतीची बाजू मला घेता येत नाही. बाळंतिणीला द्यायचं तर पेडवे द्यावेत, बोय द्यावी, मांदेली द्यावीत.

शिंगाळा हा गरवणाऱ्यांचा सगळ्यांत जास्त भेटणारा आणि सगळ्यांत कमी मान मिळणारा मासा. पाठीवर एक आणि छातीच्या दोन्ही अंगांना एकेक असे करवतीसारखे दाते असलेले काटे, त्यांना विष; अंगाला बुळबुळीत चिकटा; खवले नाहीत. काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी, कारण हे विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं, मग डॉक्टर. शिंगाळा नको म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा राग या काट्यांवर असतो, चवीवर नसतो. म्हणून पहिलं काम काटे पक्कडीने धरून बुडाशी तोडणं. त्यानंतर जाडं मीठ किंवा चुलीची राख चोळून चिकटा पूर्ण काढायचा, कारण माशाचा वास आधी त्या चिकट्यातच पालटतो. मोठ्या शिंगाळ्याची कातडी डोक्यामागे गोल काप देऊन पक्कडीने शेपटीकडे ओढली की सोलून येते. पोटाकडची पिवळी चरबी काढून टाकावी, पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. एवढं केल्यावर हाती येतं ते पांढरं, रसदार, मोठ्या काट्यांचं मांस, लहान मुलाच्या ताटात निर्धास्त वाढावं असं. त्याला दाट तिकलं शोभतं. पातळ कालवणात तो विरतो. या कामाला वेळ लागतो हे मी नाकारत नाही. पापलेट साफ करायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट शिंगाळ्याला लागतो, आणि कामावरून घरी आलेल्या बाईने संध्याकाळी तो नको म्हटलं तर ती चूक नाही. म्हणूनच साफ करण्याचं काम मासा आणणाऱ्याने करावं, असा माझा आग्रह आहे. शिंगाळा धरायचा पुरुषांनी आणि तो सोलायचा घरातल्या बाईने, या वाटणीनेही या माशाचं नाव पुष्कळ खराब केलं आहे.

गोड्या पाण्यात आलं की तक्रारीचा शब्द बदलतो: मातकट. चिलापी 1952 मध्ये बाहेरून देशात आणली गेली, आणि आता ती नाही असं तळं शोधावं लागतं. गळाला ती उत्साहाने लागते आणि शहरात तिला खालच्या रांगेत बसवतात. मातकट चव कल्पनेतली नाही. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसाच्या मातीला जो गंध येतो त्यात तेच असतं. मातीत हवाहवासा वाटणारा हा गंध माशात मात्र नको होतो. माणसाचं नाक त्याला इतकं संवेदनशील आहे, की लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. जिओस्मिन चरबीत साठतं, म्हणून उपाय चरबीपाशी करायचा: कातडी काढायची, पोटाचा पातळ भाग आणि बाजूची तपकिरी रेघ कापायची. आम्लात जिओस्मिनचं बिनवासाच्या द्रव्यात रूपांतर होतं, तेव्हा चिंचेच्या कोळात किंवा ताकात अर्धा तास मुरवणं हा निव्वळ रिवाज नाही. जिवंत मासा चार-पाच दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवता आला तर याहून उत्तम, पण घरी ते क्वचितच जमतं. आणि काट्यांचं म्हणाल तर, रोहू-कटल्याच्या मांसात जे इंग्रजी वाय अक्षरासारखे सुटे काटे असतात ते चिलापीत नसतातच. भीमेवरच्या उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणच्या बाजूला, लोक मुद्दाम वाट वाकडी करून मासे खायला जातात, आणि त्या ताटांत चिलापी असते. पाण्यातून कढईपर्यंतचं अंतर तिथे थोडं आहे. इथे माझा दावा एका जागी संपतो. तळ्यात सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर पहिला तास, बर्फ, चिंच, काहीच कामाचं नाही. तिथला मासा खाऊ नये. तसंच केंड. तो फुगणारा मासा मालवणकडे जाळी फाडतो म्हणून कुप्रसिद्ध आहे, आणि त्याच्या विषाला आच लावून काही होत नाही. स्वयंपाकघरात त्याला जागाच नाही. प्रवाळी बेटांच्या भागातल्या फार मोठ्या बाराकुडात तिथल्या सूक्ष्म शेवाळाचं विष साठलेलं असू शकतं, तोही सोडावा.

टोळाबद्दल थोडक्यात. त्याची हाडं हिरवी असतात आणि पहिल्यांदा पाहणारा ताट दूर सारतो. हा हिरवा रंग बिलिव्हर्डिन या रंगद्रव्याचा, आपल्या अंगावरचा मुका मार उतरताना जो हिरवट दिसतो त्याच जातीचा. तो निरुपद्रवी आहे. टोळाला बारीक तिरके काप देऊन, तांदळाच्या पिठात घोळवून, मंद आचेवर जास्त वेळ तळलं की लहान काटे कुरकुरीत होतात. कण्याचा तेवढा हिरवा दोरा बाजूला काढायचा.

‘कोळणींना माशातलं कळत नाही का? त्यांनी हे मासे खालच्या टोपलीत का ठेवले?’ हा प्रश्न मला सगळ्यांत योग्य वाटतो. कोळणीला कळतं, आणि तिचा निवाडा बरोबरच असतो. पण तो दुपारी बाराच्या बाजारात, टोपलीत असलेल्या माशाचा निवाडा असतो. उशीर सोसणारा मासा आणि उशीर न सोसणारा मासा यांत ती फरक करते आणि त्याप्रमाणे भाव सांगते. सरंगा, पापलेट उशीर बऱ्यापैकी सोसतात. कुपा, मुशी, शिंगाळा सोसत नाहीत. तिच्या घरची चूल पाहिली तर मुशी, वागळी, शिंगाळा हे मासे किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून आवडीनेच खाल्ले जातात, कारण तिथे ते होडीतून सरळ टोपात जातात. बाजारातला निवाडा आपण उचलला आणि घरच्या चुलीवरचं ज्ञान तिथेच राहू दिलं.

यापेक्षा वजनदार आक्षेप आवड वाढवण्याच्या परिणामांचा आहे. स्लाइमहेड असं बुळबुळीत नाव असलेल्या एका खोल समुद्रातल्या माशाला ऑरेंज रफी हे नाव दिलं गेलं, त्याला मागणी आली, आणि शंभराहून अधिक वर्षं जगणाऱ्या, उशिरा वयात येणाऱ्या त्या माशाचे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाकडचे साठे काही दशकांतच खचले. नावडता असणं हे कधी कधी माशाचं संरक्षण असतं. शिवाय, न खाण्याचा मासा सोडून द्यावा, हेही गरवणाऱ्यांत आता मानलं जातं. या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत, आणि माझा स्वतःचा नियम यातूनच आला आहे: बादलीत बर्फ नसेल त्या दिवशी मासा मारायचा नाही. पण गरी घशात खोल गेलेला, कल्ल्यांतून रक्त येणारा, दमून उलटा झालेला मासा पाण्यात परत टाकणं म्हणजे त्याला सोडणं नव्हे. तो बहुधा मरतोच, फक्त आपल्या नजरेआड. असा मासा खावा आणि नीट खावा. दुसरीकडे ज्या माशांसाठी सगळे रांगेत उभे आहेत त्यांची अवस्था काय आहे, तेही पाहायला हवं. रुपेरी पापलेट 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला तो त्याच्याविषयीची काळजी वाढली म्हणून; त्याच वर्षी राज्याने 54 प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. चार माशांवरचा भार इतर माशांवर थोडा वाटला जावा, एवढंच माझं म्हणणं आहे. सगळा भार उचलून एका नव्या माशावर टाकावा, असं नाही.

आणि मासा कसा पकडला जातो यालाही महत्त्व आहे. शिंगाळ्याची मादी अंडी घालते आणि नर ती गोट्यांएवढी अंडी तोंडात धरतो. पिल्लं बाहेर पडून थोडी वाढेपर्यंत, आठवड्यांमागून आठवडे, तो काही खात नाही. म्हणून तोंडात अंडी असलेला नर गरीला सहसा लागत नाही. आमिषाकडे तो वळतच नाही. हेच नर थव्याने वर आले की मोठ्या जाळ्यांत एकदम सापडतात आणि त्यांच्या तोंडातली अंडी होडीच्या तळावर सांडतात. शिंगाळा घ्यायचा असला तर मला तो गरीचाच हवा असतो.